वाळूसाठी सहा बाय सहा फूट जागा द्या : सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व कमिटी सदस्य,
पुणे, पिंपरी-चिंचवड आणि राज्यातल्या इतर शहरांमधल्या सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोसायटीत एक ते तीन वर्षांची मुलं किती आहेत? चारचाकी किती आणि दुचाकी किती, याची नोंद तुमच्याकडे आहे. भाडेकरूंची यादी आहे, आणि बऱ्याच ठिकाणी पाळीव कुत्र्यांचीही आहे. नुकती चालायला लागलेली ही मुलं मात्र कुठल्याच रजिस्टरात नाहीत. त्यांच्या नावाने मेंटेनन्सचं बिल निघत नाही आणि ती सभेला येऊन हात वर करत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने, त्यांना खेळायला वाळूची जागा मागण्यासाठी, हे पत्र लिहितो आहे.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात कायम सेकंड शिफ्टला आहे. बायको नर्स आहे, तिची ड्यूटी सकाळची. त्यामुळे सकाळी सातपासून दुपारी कंपनीची बस येईपर्यंत आमची पावणेदोन वर्षांची लेक माझ्याकडे असते. मी निघाल्यापासून बायको घरी पोचेपर्यंतचा पाऊण तास शेजारच्या काकू तिला बघतात. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. रात्री साडेबाराला घरी आलेल्या माणसाची झोप, पोळीभाजी, धुणं, भांडी, वीजबिल, गॅसचा नंबर, सगळं या सात तासांत बसवायचं, आणि ते चालू असताना पायाला भिंगरी लावलेलं पोर पायातच घुटमळत असतं. ही एकट्या माझी कथा नाही. आमच्याच इमारतीत कुणी घरून लॅपटॉपवर काम करतं, कुणी शिकवण्या घेतं, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे. हाताला काम आहे तेवढा वेळ पोराला गुंतवायचं कशात, हाच सगळ्यांचा रोजचा प्रश्न.

घरात करता येण्याजोगं सगळं आईबाप करतातच. स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा कप्पा मी लेकीला देऊन टाकलाय. स्टीलच्या वाट्या, झाकणं, चाळणी, रवी, रिकामे डबे. डब्यात डबा घालायचा, काढायचा, झाकण लावायचं, पुन्हा काढायचं. तेवढ्यात माझा कुकर लागतो. कणीक मळताना एक गोळा तिच्या ताटलीत जातो. मेथी निवडली की काड्या तिच्या. कपडे वाळत घालताना ती बादलीतून एकेक मोजा काढून माझ्या हातात देते, आणि सगळे घालून झाले की उरलेले चिमटे डब्यात टाकते. तिला खरं तर खेळण्यापेक्षा कामच जास्त हवं असतं. बटण दाबलं की गाणारी खेळणी चार दिवसांत कोपऱ्यात पडतात, पण हातात झाडू मिळाला की तिचा चेहरा उजळतो. या वयाचं पोर घरात असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की त्याला कामापासून लांब ठेवू नका, कामात घ्या. वेळ जास्त लागतो, पण रड कमी होते.

दोन गोष्टी तेवढ्या जपा. शेंगदाणे, फुटाणे, मटारचे दाणे, कडधान्यं या वयाच्या पोराच्या हाताला लागू देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. घड्याळातले आणि रिमोटमधले बटणाएवढे सेल तर त्याहून वाईट, गिळले तर अन्ननलिका आतून भाजते. आणि भरलेली बादली उघडी ठेवून दोन मिनिटांसाठीही बाहेर जाऊ नका. डोकं खाली वर पाय झालेल्या लहान पोराला वीतभर पाण्यातूनही स्वतःहून उठता येत नाही.

एवढं सगळं करूनही घराला भिंती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक-दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, असं त्यात म्हटलं आहे. बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत एका वेळी तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाच्या आत. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही सांगणं तेच आहे, दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको. हॉलमध्ये सोफा, दिवाण आणि टीव्हीचं टेबल मांडल्यावर जी चार पावलांची जागा उरते, तिथे हे तीन तास कुठून आणायचे? पलंगावरून उडी मारली की खालच्या मजल्यावर आवाज जातो, आणि खालच्यांचाही दोष नाही, त्यांच्याकडे रात्रपाळी करून झोपलेला माणूस असतो.

मग हातात मोबाइल येतो. पोरांना मोबाइल देणाऱ्या आयांना नावं ठेवायला सगळे पुढे असतात, पण त्या का देतात ते बघायला कुणी त्यांच्या ओट्यापाशी उभं राहत नाही. कढईत तेल तापलेलं असतं. पोर पदर ओढत असतं. घरात तिसरं माणूस नसतं. त्या वीस मिनिटांत पोर भाजू नये म्हणून ती फोन देते. तिला उपदेश नको, पोराला सुरक्षित सोडता येईल अशी जागा आणि एक ओळखीचा डोळा हवा.

पाळणाघरात का ठेवत नाही, असं विचारणारे भेटतात. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, हे खरं. पण लहान वर्कशॉप, दुकानं, शिकवण्या, घरची कामं करणाऱ्या बायका, या सगळ्यांपर्यंत ती सोय पोचत नाही. अंगणवाडीत बसून खेळणं-शिकणं तीन वर्षांच्या पुढे. त्याआधीच्या मुलांना घरी न्यायचा आहार आणि लसीकरण मिळतं. खासगी पाळणाघराची फी एका पगाराला झेपत नाही. आणि पाळणाघरात जाणारं पोरही रविवारी घरीच असतं.

म्हणून आम्ही पोराला घेऊन खाली येतो. खाली आलं की पाट्या असतात. लॉनवर चालू नये. पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई. क्लबहाऊस संध्याकाळी उघडेल. खेळाच्या कोपऱ्यात घसरगुंडी आणि झोके आहेत, पण ते पाच-सहा वर्षांच्या पुढच्यांसाठी, आणि सकाळी अकराला घसरगुंडी हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते. महापालिकेच्या बऱ्याच उद्यानांच्या फाटकाला त्या वेळी कुलूप असतं. सकाळी चालणारे आणि संध्याकाळी फिरणारे यांच्या वेळा धरून ती उघडतात. दहा ते एक या वेळेत, जेव्हा या वयाचं पोर जागं असतं आणि घरात सगळ्यात जास्त काम असतं, तेव्हा शहरात त्याच्यासाठी काहीच उघडं नसतं.

पार्किंगच्या पाटीबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे, हे स्पष्ट सांगतो. दोन वर्षांचं पोर उंचीला अडीच-तीन फूट. मोठी गाडी मागे घेताना ते मागच्या काचेत दिसत नाही. तिथे खेळू नये हेच बरोबर. पण मग कुठे खेळावं, ते त्याच पाटीवर लिहिण्याची जबाबदारी कमिटीची आहे.

माझी मागणी वाळूची आहे. सहा फूट बाय सहा फूट, एक फूट खोल, सावलीत. एवढंच.

वाळूच का? या वयाचं मूल एका जागी फार वेळ टिकत नाही. पण काही गोष्टी ते थकेपर्यंत करतं : भरणं, ओतणं, पुरणं, उकरून काढणं, इथलं तिथे नेणं. घसरगुंडीचं एकच काम असतं. वाळूत ही सगळी कामं होतात, आणि तीही पडायची भीती नसताना. एक वर्षाचं पोर नुसतं मुठीतून वाळू सोडत बसतं, तीन वर्षांचं त्याच वाळूची भाकरी थापतं, आणि दोघं एकाच ठिकाणी एकमेकांना त्रास न देता खेळतात. ओली वाळू वेगळी, कोरडी वेगळी. एक फुटका मग, दोन नारळाच्या करवंट्या आणि जुना चमचा, एवढ्यावर तास जातो. मी हे गावाकडे, लेकीच्या आजोळी पाहिलंय. शेजारी घर बांधायला वाळूचा ढीग पडला होता. घरी दहा मिनिटांत कंटाळणारी माझी लेक तिथून उठायला तयार नव्हती, आणि मी बाजूला बसून सबंध पालक निवडून घेतला.

खर्चाचं बोलू, कारण सभेत पहिला प्रश्न तोच येईल. सहा बाय सहा बाय एक म्हणजे ३६ घनफूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे वाळू एक ब्रासच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त लागते. कडेला विटांचे चार थर, वर गिलावा करून गोल केलेली रुंद कड, म्हणजे आईबापांना आणि आजी-आजोबांना त्यावरच बसता येईल. तळाला फरशी करू नका. खडीचा थर आणि त्यावर जाळीचं कापड घाला, म्हणजे पावसाचं पाणी खाली मुरेल. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरू नका. तिच्या कणांची धार बोचते आणि कोरडी झाली की धूळ उडते. धुतलेली, चाळलेली नैसर्गिक वाळूच घ्या. ती महाग पडते, पण लागते थोडी. रात्री वर ताडपत्री किंवा लाकडी झाकण हवंच, नाहीतर मांजरं तिथे घाण करतात आणि त्यातून मुलांना जंत होतात. आठवड्याला एकदा पंजाने वाळू वरखाली करायची आणि उन्हात उघडी ठेवायची. काही महिन्यांनी वरचा थर बदलायचा. ही देखभाल आम्ही पालक पाळीने करू, सोसायटीच्या माणसावर टाकणार नाही.

जागा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. २०२० साली लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवावी लागते. मोठ्या सोसायट्यांमध्ये ही जागा आहे. तिच्यावर लॉन आहे, कारंजं आहे, दिव्यांचे खांब आहेत. कारंजाच्या शेजारचे ३६ चौरस फूट मागणं जास्त नाही. ज्या जुन्या इमारतींना मोकळी जागाच नाही, तिथे सकाळी दहा ते बारा अर्धं पार्किंग रिकामं असतं. भिंतीकडच्या लागून असलेल्या दोन जागा साखळी लावून तेवढा वेळ बंद करा आणि पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये वाळू ठेवा. बाराला साखळी काढा.

ॲमस्टरडॅम शहराने हे करून दाखवलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जागोजागी पडीक तुकडे होते. आल्डो व्हॅन आइक हा तरुण वास्तुविशारद नगरपालिकेत नोकरीला होता. १९४७ साली त्याने एका लहानशा चौकात मुलांसाठी जागा केली : रुंद कडेचा वाळूचा हौद, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, बसायला बाकं, बाजूने झाडं. ते पाहून लोक नगरपालिकेला पत्रं लिहायला लागले, आमच्याही गल्लीत करा. १९७८ पर्यंत अशा सातशेहून जास्त जागा झाल्या, कित्येक दोन घरांच्या मधल्या बोळात. भोवती कुंपण नव्हतं. मोठी माणसं आपापल्या कामाला जाता-येता त्यांच्या बाजूनेच जायची, त्यामुळे पोरांवर आपसूक लक्ष राहायचं.

आणि परदेशातच कशाला जायचं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि शिंपले, बिया, पानं, माती, दगड यांची खेळणी केली. त्या बायकांकडे पैसा नव्हता. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळालं, ते या अंगणातल्या शाळेचंच. आपल्या राज्याला हा वारसा आहे, आणि आपल्याच इमारतींच्या अंगणात लहान पोराला बसायला जागा नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

आता ज्येष्ठ सभासदांशी थोडं बोलतो. पोरांच्या आवाजाने दुपारची झोप मोडते, ही तुमची तक्रार खरी आहे. म्हणूनच मी सकाळची वेळ मागतोय. एकनंतर पोरंही जेवून झोपतात. पण एक गोष्ट बघा. सोलापूर, लातूर, जळगावकडून नातवंडांना सांभाळायला आलेल्या कितीतरी आज्या आपल्या इमारतींमध्ये आहेत. गावी त्यांना दार उघडलं की माणूस दिसायचं. इथे सातव्या मजल्यावर, लिफ्टची सवय नाही, शेजारी कोण राहतं माहीत नाही, सुनेची वाट बघत दिवस काढायचा. पोर सांभाळून त्यांची कंबर धरते आणि बोलायला कुणी नसतं. वाळूच्या कडेवर अशा तीन आज्या बसल्या की तीन पोरांकडे सहा डोळे लागतात. एखादी उठून औषध घेऊन येऊ शकते, एखादी निवांत पाणी पिऊ शकते. पोर सांभाळणं माणसाला थकवतं ते त्यातल्या कामापेक्षा एकटेपणामुळे, हे मी रोज सकाळी अनुभवतो.

दुसरी एक मागणी या वाळूशी जोडलेलीच आहे, आणि ती मी सोडणार नाही. आपल्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंची लहान पोरं कुठे असतात? काही जिन्यात बसलेली असतात, काही वॉचमनच्या केबिनमध्ये. पाच घरची कामं होईपर्यंत ती तिथेच. वाळू झाली तर ती त्यांचीही हवी. सभासदांच्या मुलांसाठीच अशी पाटी त्यावर लागणार असेल, तर मला ती वाळू नको.

पोर पडलं, लागलं तर जबाबदार कोण, असंही विचाराल. या वयाच्या पोराबरोबर मोठं माणूस असणारच, त्याशिवाय कुणाला सोडू नये हा नियम तुम्ही जरूर करा. वाळूत फार तर डोळ्यात कण जातो. तापलेल्या घसरगुंडीवर, पार्किंगमध्ये आणि ग्रिल नसलेल्या बाल्कनीत यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे, आणि आज आमची पोरं तिथेच आहेत.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. लहान पोरं असलेली बरीच कुटुंबं भाड्याने राहतात. त्यांना मत नाही, आणि सभा बहुतेक रविवारी सकाळी असते तेव्हा पोर सांभाळत असल्यामुळे सभासद पालकही येऊ शकत नाहीत. म्हणून सभेआधी एक साधी नोंद करा : प्रत्येक घरी विचारा, तीन वर्षांखालचं मूल आहे का, दिवसा त्याला कोण सांभाळतं, खाली कधी येता येईल. वॉचमनकडच्या वहीत आठवड्याभरात ही माहिती जमा होते. मग भाडेकरू पालकांना सभेत बोलायला पाच मिनिटं द्या, मत नसलं तरी. आणि तोवर, त्यासाठी ठरावाची गरज नाही, क्लबहाऊसची किल्ली सकाळी दहा ते बारा पालकांपैकी एकाकडे द्या. आत सतरंजी आम्ही आणू. पावसाळ्यात वाळू भिजलेली असेल तेव्हाही हीच खोली लागेल.

खड्डा करायचं ठरलं तर मोजमाप, विटा लावणं, गिलावा, कड घासून गोल करणं, ही कामं मला येतात. पिंपरी-चिंचवडमधल्या ज्या सोसायटीला माणूस हवा असेल तिथे मी सुट्टीच्या दिवशी येईन, मजुरी नको. सकाळी बोलवा. लेक बरोबर असेल.

आपला,
सेकंड शिफ्टचा एक बाप
चिंचवड